धक्का नसलेल्या बेटांवरची शीळ

"आजोबा, आपण तीन वेगवेगळ्या प्रजातींचे आहोत, हे त्या पक्ष्यांना माहीत आहे का?"

विचारलं एकदाचं! माझी मैत्रीण रुकैया हिची पैज होती, की एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला असलं काही विचारायची माझी छातीच होणार नाही. गेल्या वर्षी झाली नसती, खरंच. तेव्हा मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे.

डॉ. खानोलकर आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. माझ्यामागे रुकैया फिस्सकन हसली.

"नाव काय गं तुझं?"

"शर्वाणी पेडणेकर. दहावी."

"शर्वाणी, चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा."

आधी थोडं सांगते. हे २०६१ साल आहे. आम्ही राहतो ती पाचूमाळ म्हणजे भर समुद्रात उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने पसरलेली सात बेटं. माझे आईबाबा पहिल्या बेटावर खारं पाणी गोडं करण्याचा कारखाना चालवतात. आमची शाळा तिथेच आणि आजोबांची प्रयोगशाळाही तिथेच; आज आम्ही दोघी ती बघायला आलो होतो. सातही बेटांवर शीळकरी नावाचा पिवळ्या पोटाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी राहतो. पहिल्या बेटावरचा तीन सुरांची साधी शीळ घालतो. चौथ्यावरचा शेवटचा सूर लांबवतो. सातव्यावरचा तर पाच सुरांची थरथरती तान घेतो. म्हणून आजोबांनी तरुणपणी त्यांच्या तीन प्रजाती ठरवल्या. प्रजाती म्हणजे एकमेकांना आपलं मानून जोडी जमवणाऱ्या जीवांचा गट.

पण यंदाच्या वादळात सातव्या बेटावरची फळझाडं गेली आणि तिथे शीळकरी उरले फक्त बारा. त्यांची प्रजाती जगात दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून त्या बाराही जणांना पिंजऱ्यात आणून जपायचं ठरलं होतं. त्यांना आणायला बोट आजच दुपारी चार वाजता निघणार होती. आणि शीळकरी पिंजऱ्यात गप्प होतो. मागे एकदा आणलेले दोघं पुन्हा कधीच गायले नाहीत, असं आजोबांनी सांगितलं.

"पण दुसऱ्या, तिसऱ्या बेटावरचे कसे गातात?" मी नकाशाकडे बघत विचारलं.

"ते ध्वनिमुद्रण नाही आमच्याकडे. पाचव्या, सहाव्याचंही नाही. तिथे बोट लागायला धक्का नाही ना. खडकच खडक."

"आणि टिपणीस?"

टिपणीस म्हणजे आजोबांचा उडता यंत्रमानव. सगळं टिपून ठेवतो म्हणून हे नाव. तो टेबलावर पंख मिटून बसला होता.

"मला पहिलं, चौथं आणि सातवं बेट दिलेलं आहे," तो नम्रपणे म्हणाला. "बोटीच्या जुन्या यादीप्रमाणे."

"अरे, पण तू उडतोस ना! तुला धक्का कशाला हवा?"

आजोबा स्वतःच्याच कपाळावर हात मारून इतके हसले, की चष्मा खाली पडला. "टिपणीस, ऊठ बाबा!"

साडेदहाला तो झेपावला. एक वाजेपर्यंत चारही बेटांचे आवाज आले. आजोबांनी सातही शिळा ओळीने लावल्या. पहिली, तीन सूर. दुसरीत तिसरा सूर किंचित कलला. तिसरीत लांबला, चौथीत आणखी लांबला. पाचवीत त्याच्या टोकाला बारीकशी थरथर आली, सहावीत ती वाढली आणि सातवीत तिची तान झाली. माझ्या अंगावर काटा आला. एकच गाणं एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाता जाता हळूहळू वळत होतं, आणि कुठेच तुटत नव्हतं!

"ह्याला म्हणतात क्रमबदल, म्हणजे अंतराबरोबर थोडाथोडा होत जाणारा फरक," आजोबा हलकेच म्हणाले. "मालवणहून नागपूरपर्यंत गावोगाव थांबत गेलीस, तर मराठी नेमकी कुठे बदलली ते सांगता येईल? मी मधली गावं गाळली आणि म्हटलं, ह्या तीन भाषा."

"मग झालं की! सगळे एकाच प्रजातीचे!" रुकैया म्हणाली.

"नाही. हे आपल्या कानांचं मत झालं. आता पक्ष्यांना विचारायचं."

विचारायचं कसं? नर शीळकरी आपल्या हद्दीत आपल्यातलाच दुसरा नर गायला, की चिडून धावून येतो. परक्या पाखराकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणजे चिडला, तर ओळख पटली!

टिपणीस सातव्या बेटावर उतरला. त्याने पहिल्या बेटाची शीळ वाजवली. पडद्यावर दिसणारा नर निवांत पंख साफ करत राहिला. मग सहाव्या बेटाची वाजवली. नराने मान वर केली, पिसं फुलवली आणि सरळ टिपणीसच्या डोक्यावर चोच मारली!

"मला मारलं," टिपणीसने नोंद केली.

आम्ही दोघी किंचाळत नाचलो. आजोबा मात्र म्हणाले, "एकावरून ठरवायचं नसतं." आणखी चार नरांना सहाव्या बेटाची शीळ ऐकवली. चारही जण धावून आले. "लांबच्या पहिल्या बेटाची शीळ त्यांना परकी वाटते, पण शेजारच्याची आपली; मध्ये कुठेच तोड नाही, म्हणजे साखळी एकच," आजोबा म्हणाले.

साडेतीनला आजोबांनी पेन उचललं. भिंतीवरच्या तक्त्यावर त्यांनी दिलेली तीन नावं होती. त्यांतली दोन त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. तरी त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा खुलला होता. मग त्यांनी बोटीवर फोन लावला. "पिंजरे उतरवा. ते बारा जण तिथेच राहतील. त्यांना फळं आपण पोचवू आणि खडकांवर दोर टाकून का होईना, सहाव्या बेटावरून सोबतीही आणून देऊ."

"ते जोड्या जमवतील ना?" मी विचारलं.

"बहुतेक. पण खरं उत्तर घरट्यातच मिळेल. कुणीतरी तिथे बसून बघायला हवं."

संध्याकाळी घरी पोचले, तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि बाबा पंपाचा आवाज कमी कर म्हणून कुणालातरी फोनवर ओरडत होते. मी त्यांचा फोन संपेपर्यंत थांबले.

"आई, बाबा, ह्या सुट्टीत मी रत्नागिरीला येत नाहीये. मी सातव्या बेटावर तंबूत राहणार आहे, आजोबांच्या तुकडीबरोबर. तिथे जे पहिलं घरटं होईल, ते मी बघणार आहे."