पप्पांची गोणी

शिवतेजला वाशीला डॉक्टरांकडे दाखवलं, येताना आईसाठी पाव घेतले. जुईनगरला घरी पोचेपर्यंत सगळं रोजच्यासारखंच होतं.

हा माझा धाकटा भाऊ लहानपणापासून एकलकोंडा. दोस्त नाहीत, कुणाच्या नजरेला नजर देत नाही. पंखा अडकत फिरला तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच काहीतरी सांगतोय. पप्पा गेले आणि तो वाकून चालायला लागला. म्हणे, पप्पांची गोणी माझ्या पाठीवर आहे.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, स्किझोटायपल. "वेडा म्हणू नका त्याला. त्याच्या मनाची घडणच तशी आहे. हसू नका, वाद घालू नका. पण त्यात सामीलही होऊ नका."

मी मान डोलावली. पप्पा गेल्यापासून मला ना रडू येत होतं ना हसू. मान तेवढी डोलवता यायची.

पप्पा कांदा मार्केटात माथाडी होते. गोणी उतरवायला दोघं लागतात, एक समोर, एक मागे. त्यामुळे आमच्या घरात शिस्तच होती. ओझ्याखाली वाकलेला माणूस समोर आला की विचारत बसायचं नाही, हात लावायचा. डबा द्यायला गेले की मीही लावायचे.

शिवतेज घामाघूम होऊन माझ्यासमोर थांबला.

"ताई... उतरव ना."

शेजारी कुकरची शिट्टी झाली. माझे हात सवयीनं पुढे गेले. डॉक्टरांचं बोलणं आठवलं, तोवर तळव्यांना सुतळी काचली होती. मग वजन आलं, सडक्या कांद्याचा वास आला...

शिवतेज सरळ उभा राहिला. केवढा उंच झालाय हा, मला ठाऊकच नव्हतं.

"एकदम हलकं वाटतंय यार," म्हणाला आणि पाव खायला बसला.

मी घाबरायला हवं होतं. नाही घाबरले. ओझं ठेवायला कुठे जागा दिसते का, तेवढं बघत राहिले.

आईला काही सांगितलं नाही. तिचं हृदय नाजूक, बादलीसुद्धा उचलायची मनाई. तेव्हापासून तिच्यासमोर मी मुद्दाम ताठ चालते.

आज संध्याकाळी ती भिंत धरत आली. काही विचारलं नाही. पदर खोचला, दोन्ही हात पुढे केले.

"आई, नको..."

"गप. लय झालं. सोड आता."

मी पाठीवरची गोणी घट्ट आवळून धरली. शिवतेज आईच्या मागे बसून आमच्याकडे बघत होता. घरात चौथं कुणीच नव्हतं.

माझ्या पाठीमागून कुणीतरी गोणीला हात लावला.