दिंडीगुलमधलं संत्रं

"बापूजींसाठी नं?" चिरूट कागदात गुंडाळता गुंडाळता रुपरावांनी विचारलं.

"नाही. माझ्यासाठी," गोपिका म्हणाली.

झालं! सीताबर्डीवरच्या त्या तंबाखूच्या दुकानात असा सन्नाटा पसरला, की तपकीर घ्यायला आलेले एक आजोबा शिंकायचेच विसरले.

गोपिकानं मात्र मान वरच ठेवली. चोवीस वर्षांची, टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी करणारी, स्वतःच्या पगाराची साडी नेसलेली मुलगी... ती मान खाली कशाला घालेल? आणि मान वर होती म्हणूनच तिला दारावर टांगलेली ती काळी पाटी दिसली. शाळेत असते तशी. वर खडूनं लिहिलेलं—

'दिंडीगुलचा चिरूट. राख पांढरी. जळतो सावकाश. शेवटी संत्र्याची झाक. – मधुसूदन.'

"हे कोण मधुसूदन?"

"आपले मधुसूदनभाऊ! बांधकाम खात्यात नकाशे काढते. पण जीभ अशी, का बस! दर आठवड्याले एक नवा चिरूट ओढून पाहते अन् पाटीवर लिहून देते. गिऱ्हाईक पाटी वाचूनच माल घेते."

"मग गिऱ्हाईक फसते! दिंडीगुलमध्ये संत्रं कुठून आलं?"

असं म्हणून तिनं पदराच्या टोकानं शेवटची ओळ चक्क पुसली, खडू उचलला आणि लिहिलं, 'संत्रं-बिंत्रं काही नाही. भाजलेल्या चिंचोक्याची चव आहे. – गोपिका.'

"माझी पाटी कोण पुसून राहिलं?"

मागून आवाज आला. भारदस्त, पण आत कुठेतरी हसू दडलेला. गोपिका वळली. उंच, सावळा, बोटांवर शाईचे डाग, आणि सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेली क्लिप काढायचीच विसरलेला...

"मी," ती म्हणाली. "अजून काही पुसायचं राहिलंय का?"

"तुम्ही चिरूट ओढता?"

"तुम्ही संत्री ओढता?"

तपकीरवाल्या आजोबांना आता मात्र शिंक आली. आणि मधुसूदन हसला. डोळ्यांतून आधी, ओठांतून नंतर. गोपिकाला ते हसू आवडलं, पण तिनं खडू काही खाली ठेवला नाही. हरायला ती आलीच नव्हती!

*

आता गोपिकाला चिरूटचं वेड लागलं कसं, तर बापूजींमुळे. तिचे बापूजी रेल्वेत गार्ड होते. मद्रासकडून येताना कधी दिंडीगुलचे, कधी त्रिचनापल्लीचे, कधी कुणा ब्रह्मदेशातून परतलेल्या माणसाकडून मिळालेले चिरूट आणायचे. मग छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, एक झुरकासुद्धा नाही. सक्करदऱ्याच्या घरात बापूजी रिकामा डबा उघडून नुसता वास घेत बसायचे. ते गोपिकाला बघवेना. एके संध्याकाळी तिनं अंगणात, त्यांच्यापासून लांब बसून चिरूट पेटवला. खोकली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि म्हणाली, "बापूजी, ओल्या गोणपाटासारखं लागते."

"गिळू नको वं धूर! तोंडात खेळव. अन् मंग सांग."

तेव्हापासून ती ओढायची आणि ते ऐकायचे. मोहफुलं, करपलेला गूळ, पावसाआधीची माती... एकेक चव शोधून ती बापूजींच्या पुढ्यात ठेवायची. शेजारच्या कांताबाई कुंपणावरून म्हणायच्या, "पोरीची जात आहे, महाराज! लग्न कसं होईन हिचं?" गोपिका तिकडेच तोंड करून एक झकास धुराचं वेटोळं सोडायची.

*

पाटीवरचं भांडण वाढतच गेलं. तो लिहायचा, 'त्रिचनापल्ली. कडक, मर्दानी.' ती खाली लिहायची, 'कडक आहे. मर्दानी काय असते?' तो लिहायचा, 'चहासोबत उत्तम.' ती लिहायची, 'चहा पाजणारा भेटला तर सांगू.' हे वाचायला न ओढणारी माणसंही रुपरावांच्या दुकानापाशी थांबू लागली. आणि तो चहा एक दिवस खरंच झाला... मग रोजच होऊ लागला. कपातून वाफ यायची, बोलता बोलता बोटं कपाच्या कानावरच राहायची, आणि चहा निवून जायचा.

पण संत्र्याचा निकाल लागत नव्हता. म्हणून एका संध्याकाळी सक्करदऱ्याच्या तलावाच्या पाळीवर दोघं आपापले डबे घेऊन बसले. रुपरावांच्या एकाच पुडक्यातले चिरूट. अर्धे तिच्याकडे, अर्धे त्याच्याकडे.

पाळीवरून फिरणारे एक गृहस्थ बाईच्या हातात चिरूट पाहून जागीच थबकले. "काय जमाना आला!"

"चांगला आला, काका," गोपिका म्हणाली. "बसता का?"

काका सुसाट निघाले. मधुसूदननं आपल्या डब्यातला चिरूट तिच्यासाठी पेटवला. तिनं धूर तोंडात घोळवला, डोळे मिटले... आणि दचकली.

"काय झालं?"

"आहे," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "संत्रं आहे."

"मी म्हणत नव्हतो!"

"पण माझ्यात नाही. हा घ्या. बघा."

त्यानं ओढला. भुवया आकसल्या. "चिंचोका..." तो पुटपुटला. "एकाच पुडक्यातले नं हे? असं कसं?"

"तुम्ही ठेवता कुठे?"

"नकाशांच्या पेटीत, तळाशी. आईला पत्ता नाही."

"अजून नाही?"

त्यानं नजर पाण्याकडे वळवली. तलावावर बगळ्यांची एक रांग उतरली. मग तो एकदम म्हणाला, "गोपिका... आपण लग्न करू या?"

तिच्या हातातल्या चिरूटची राख पडली. पांढरीशुभ्र, न तुटता. ती 'हो' म्हणणारच होती. ओठांवर आलंच होतं! पण तो घाईघाईनं पुढे बोलला, "फक्त एक करा. आईसमोर चिरूटचं नाव काढू नका. तिनं एकटीनं वाढवलं मला. तिला झेपायचं नाही. लग्नानंतर आपण... हळूच, गच्चीवर वगैरे..."

गोपिकानं चिरूट पाळीच्या दगडावर टेकवला. अलगद, मोडणार नाही असा.

"म्हणजे आता तुम्ही एकटे लपता. मग आपण दोघं लपायचं?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. मी बापूजींच्या समोर ओढते. कांताबाईंच्या समोर ओढते. उद्या सोडावासा वाटला तर सोडीन, पण माझ्या मनानं. चोरासारखी मी गच्चीवर जायची नाही, मधुसूदन. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

ती चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही... म्हणजे एकदाच पाहिलं. तो तिनं टेकवलेल्या चिरूटकडे बघत बसला होता.

*

पाटी कोरी राहिली. रुपराव रोज ती ओल्या फडक्यानं पुसायचे आणि उसासा टाकायचे. "भाऊ येते, खडू उचलते, ठेवते, जाते," ते म्हणाले. गोपिकाला रडू आलं. आणि रडू आलं की तिला राग यायचा. त्या शनिवारी राग एवढा आला, की तिनं सायकल काढली आणि थेट प्रतापनगर गाठलं.

तिकडे तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉटच जास्त. मधुसूदनच्या घराच्या ओसरीवर त्याची आई, सिंधूताई, संत्री सोलत बसल्या होत्या. काटोलकडच्या माहेरच्या बागेतली. सगळी ओसरी घमघमत होती.

"कोण वं बाई तू?"

"मी गोपिका. सक्करदऱ्याची. तुमच्या मुलाला मी आवडते. मला तो आवडतो. आणि मी चिरूट ओढते. हे शेवटचं तो तुम्हाला सांगू देत नव्हता, म्हणून मीच सांगायला आले."

सिंधूताईंचा हात संत्र्यावरच थांबला. "चिरूट? तो जाडजूड?"

"तोच."

"अन् तो? तो ओढते का?"

गोपिकानं जीभ चावली. "त्याचं त्याला विचारा. मी माझं सांगायला आले."

सिंधूताईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग एक संत्रं तिच्या हातावर ठेवलं. "बस. खा."

एवढ्यात सायकलची घंटी वाजली. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस! फाटकात मधुसूदन गोपिकाला पाहून उभाच राहिला.

"ही पोरगी चिरूट ओढते म्हणते," सिंधूताई म्हणाल्या. "तुले माहीत होतं का?"

त्यानं आईकडे पाहिलं, गोपिकाकडे पाहिलं... आणि तसाच आत निघून गेला.

संपलं, गोपिकाला वाटलं. तिनं संत्रं सुपात ठेवलं आणि चपलेत पाय सरकवला. पण मान? मान वरच!

"थांबा."

तो बाहेर आला होता. हातात डबा. तो त्यानं आईच्या पुढ्यात ठेवला. "मीही ओढतो, आई. ही भेटायच्या कितीतरी आधीपासून. तुझ्यापासून लपवलं. ही लपवत नाही, आणि मला हिच्याशीच लग्न करायचंय."

त्यानं झाकण उघडलं.

चिरूटांवर संत्र्याची सालं होती. ओली, टवटवीत, सकाळीच सोललेली.

त्यानं एक साल चिमटीत उचललं. मग मधुसूदन म्हणाला, "हे... हे कोणी ठेवलं?"

"मी नाही तं कोण?" सिंधूताई म्हणाल्या. "वाळला तंबाखू घसा धरते. ओढाले लागला त्या पहिल्या उन्हाळ्यात रात-रातभर खोकलत होता तू. तू ऑफिसले गेला का मी साल टाकतो, तू यायच्या आधी काढून घेतो. आज ही आली, अन् राहून गेलं."

"म्हणजे तुले माहीत होतं?"

"नाक आहे नं मले!"

"मग बोलली काहून नाही?"

"तू बोलला का?"

आधी गोपिका हसली. तोंडावर हात घेऊन, मग हात काढून, मग ओसरीच्या खांबाला धरून! "संत्र्याची झाक!" तिला बोलताच येईना. "अख्ख्या बर्डीनं वाचली नं ही झाक!" मधुसूदन कानापर्यंत लाल झाला होता, आणि फार, फार गोड दिसत होता.

"तुह्या डब्यात काय टाकते वं?" सिंधूताईंनी विचारलं.

"काहीच नाही."

"असं कसं चालन? घेऊन जा दोन सालं. अन् ओढायचं तं दोघांनी आंगणात ओढायचं. माह्या घरात धूर नाही पाहिजे."

"अंगणात," गोपिका म्हणाली. "सगळ्यांसमोर?"

"मंग काय, गच्चीवर?"

*

सोमवारी रुपरावांच्या पाटीवर दोन हस्ताक्षरांत लिहिलेली ओळ होती. अर्धी त्याची, अर्धी तिची. 'दिंडीगुल. संत्र्याची झाक आहे... पण ती आमच्या आईची.'

आणि त्या संध्याकाळी सक्करदऱ्याच्या अंगणात, कांताबाई कुंपणाशी उभ्या असतानाच, गोपिकानं मधुसूदननं दिलेला चिरूट पेटवला. धूर तोंडात खेळवला. आणि डोळे मिटून घेतले.

"सांग नं वं, गोपे," लांबच्या खाटेवरून बापूजी म्हणाले. "कसा लागते?"

गोपिकानं डोळे उघडले. गाल तापले होते.

"आज नाही सांगणार, बापूजी," ती म्हणाली. "ही चव माझी आहे."