बोक्या ऊर्फ छर्रा

बोक्याच्या पांढऱ्याशुभ्र कपाळावर आज पुन्हा काळं बोट उमटलं होतं. ग्रीसचं!

तिने आपल्या दुकानातलं शिलाई मशीन थांबवलं. बोक्या म्हणजे तिचा कुत्रा... पिल्लू असताना मांजरासारखा चोरून दूध प्यायचा, म्हणून बोक्या. तेव्हा खाणं भिजवून, बोटाने कुस्करून दिवसातून चारदा भरवलं होतं तिने. आणि आता चांगला वाढल्यावर हा नालायक संध्याकाळची वाटी हुंगून तोंड फिरवत होता. वर फुगतही चालला होता!

"हे वजन एका घरचं नाही हं," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई काट्याकडे बघत म्हणाल्या होत्या.

झालं. तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कोणीतरी फूस लावतंय. आज खाऊ, उद्या गळ्यात दोरी, परवा पसार!

संध्याकाळी बोक्या सटकला, तशी ती चप्पल न वाजवता मागे निघाली. तो थेट कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात शिरला. बापाचं घर असल्यासारखा.

"आलास, छर्ऱ्या?"

"छर्रा?" ती दारातूनच कडाडली. "बोक्या नाव आहे त्याचं."

सायकलवाल्याने वर पाहिलं. डोळे शांत... चोराचे असतात इतके शांत? तिला ठरवता येईना.

"कुत्र्याचं नाव बोक्या? मॅडम, अन्याय आहे हा."

"हसू नका. काय घालता त्याला?"

त्याने डबा पुढे केला.

"अहो, हे पिल्लांचं खाणं! घोडा झालाय तो. म्हणून फुगलाय!"

त्याचा चेहरा पडला. "मला काय माहीत... मी सुरू केलं तेव्हा मुठीत मावायचा, सायकलच्या छर्ऱ्यासारखा. इथेच टायरांमागे जन्मला. आई गेली, तर कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं. मग एक दिवस गायब. नंतर दिसला तो तुमच्या कडेवर, लाल पट्टा घालून. आता मोठा झाल्यावर स्वतःच वाट शोधत येतो."

गटारापाशी कुडकुडणारं पिल्लू तिने उचललं होतं खरं... कोणाचं, ते विचारलं नव्हतं. पण गोष्टी काय, कोणीही रचतो.

"कशावरून खरं?"

उलट्या ठेवलेल्या सायकलचं पेडल त्याने फिरवलं. चाक घरघरलं... आणि बोक्याने पंजांवर डोकं टेकून डोळे मिटले.

ती बघतच राहिली. पिल्लू असताना हा फक्त तिचं मशीन चालू असलं की झोपायचा! तिला वाटायचं, माझ्या पायाशी झोपतो.

"मागितला का नाहीत?" तिचा आवाज उतरला.

"तुमच्याकडे सुखात होता की. येता-जाता बघायचो."

"माझ्या दुकानात डोकावायचात?"

"कुत्र्याला बघायला."

"फक्त?"

त्याचे कान लालबुंद. "...सुरुवातीला फक्त."

तिने घाईघाईने डब्याकडे पाहिलं. "हे बंद करा. पण एकदम नको, पोट बिघडतं. जुन्यात रोज थोडं थोडं नवं मिसळायचं. मोठ्यांचं खाणं मी घेऊन येईन."

"रोज?"

"विश्वास नाही माझा तुमच्यावर. नजर ठेवायला नको?"

"आणि कधीपर्यंत?"

"संशय फिटेपर्यंत."

त्याने चाक पुन्हा हलकेच फिरवलं.

"मग तो मी फिटू देणार नाही."