चंद्रावरच्या तीन शिट्ट्या

पाणी खदखदा उकळत होतं. वाफेनं झाकण थडथडत होतं. आणि आतला सुरण? तो आपला कच्चाच! आता तुम्हीच सांगा, एवढा वेळ उकळत्या पाण्यात डुंबूनही सुरण शिजू नये, हे कुठलं जगावेगळं?

तसं ते जगावेगळंच होतं म्हणा. कारण हे स्वयंपाकघर होतं चंद्रावर, जमिनीखाली वसवलेल्या वस्तीत. आणि तिथं चुलीपाशी उभी होती दहा वर्षांची मिथिला. तिच्या शेजारी खटपट्या, म्हणजे वस्तीचा यंत्रमानव, मोठ्या ऐटीत शीळ घालत होता.

"एक... दोन... तीन," तो म्हणाला. "तीन शिट्ट्या झाल्या. आईसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे आता उतरवायचं."

मिथिलानं ते कंद कसेबसे ठेचले. रताळं, गाजर, बीट आणि सुरण. त्यात पावाचा चुरा, तिखट, मीठ घातलं आणि टिक्क्या थापल्या. तव्यावर टाकल्याबरोबर त्या विस्कटल्या. उलटायला गेली तर नुसता भुगा! त्यातलाच एक घास तिनं तोंडात टाकला, तर घसा खवखवला आणि डोळ्यांत पाणीच आलं.

"सुरण खाजरा असतो ना, म्हणून," तिनं खटपट्याला सांगितलं. साफ खोटं होतं ते. पोर रडत होती.

का, ते सांगतो. मिथिलाची आई वैजू या वस्तीची शेतकरीण. चंद्राच्या राखाडी मातीत खत मिसळून कंद उगवून दाखवीन, असा तिचा हट्ट होता. तोवर वस्तीत सगळे पाकिटातलं तयार अन्न खात. "पहिलं पीक निघू दे," ती मिथिलाला म्हणायची, "कंदांचे बर्गर करून घालते तुला. बोटं चाटत बसशील." वेल वाढले, पानं पसरली. आणि एका आजारपणाचं निमित्त होऊन आई गेली. पीक निघालं ते तिच्यामागे.

तेव्हापासून बाबा गप्प झाले होते. श्रीरंगबाबा, जे पूर्वी जेवताना एवढं बोलायचे की आमटी गार व्हायची, ते आता ताट घेऊन आपल्या खोलीत जात. कामापुरतं बोलत, तेवढंच. घरातलं एक माणूस गेलं होतं, पण मिथिलाला वाटायचं की दोन गेली आहेत. आईनं कबूल केलेले बर्गर आपण केले, तर बाबा पुन्हा टेबलाशी येऊन बसतील, अशी तिची वेडी आशा होती. आणि आता कंद उरले होते ते एकदाच पुरतील एवढे. बाकीचे बियाण्यासाठी ठेवलेले. त्यांना हात लावायचा नव्हता.

कृती तिला तोंडपाठ होती. चंद्रावर येण्याआधी आईनं मावशीसाठी ती आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवली होती. मिथिलानं ती पुन्हा लावली.

"सुरणाला आमसूल लावायचं, विसरायचं नाही," आई सांगत होती. मागे कुठंतरी काहीतरी जोरात शिटी मारत होतं. मिथिलाला वाटे, पृथ्वीवरचा एखादा पक्षी असेल. "आणि कंद तीन शिट्ट्या शिजवायचे. माझ्या नाही बाई लक्षात राहत, शिट्ट्या हे मोजतात. अहो, किती झाल्या?"

एवढ्यावर आवाज संपायचा. उत्तर त्यात नव्हतंच.

"शिट्ट्यांत माझी काही चूक झाली का?" खटपट्यानं विचारलं. "वरच्या पट्टीत घालायला हव्या होत्या का?"

"अरे मठ्ठा!" दारातून आवाज आला. ते होते अप्पा, मिथिलाच्या आईचे वडील. वस्तीतली हवा सांभाळण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते हसत होते, पण डोळे लाल झाले होते. लेकीचा आवाज त्यांनीही ऐकला होता. "शिट्टी तू नाही घालायची. शिट्टी कुकर घालतो."

"कुकर म्हणजे?" मिथिलानं विचारलं. बिचारीनं कधी पाहिलाच नव्हता.

अप्पा स्टुलावर टेकले. "आधी मला सांग, पाणी उकळतं म्हणजे काय होतं?"

"वाफ होते."

"बरोबर. पाण्याचे कण उठून पळू बघतात. पण वरून हवा त्यांना दाबून धरते. याला म्हणायचं हवेचा दाब (हवेनं सगळ्या बाजूंनी टाकलेला जोर). वर्गात सर बसलेले असले की पोरं जागची उठायला कचरतात ना, तसंच. पृथ्वीवर हवा भरपूर. तिथं पाणी शंभर अंशांपर्यंत तापतं, तेव्हा कुठं कण उठतात. हा झाला पाण्याचा उत्कलनबिंदू (द्रव ज्या तापमानाला उकळू लागतो ते तापमान). आता आपल्या वस्तीत हवा आम्ही किती ठेवतो?"

"पृथ्वीच्या निम्मी."

"म्हणजे इथं सर अर्धेच! पोरं लवकर उंडारणार. आपलं पाणी ऐंशी अंशांच्या आसपासच उकळायला लागतं."

"मग शेगडी मोठी करू की!"

"कर खुशाल. पाणी लवकर आटेल, पण जास्त तापायचं नाही. उकळतं पाणी भारी हट्टी असतं. जास्तीची सगळी उष्णता वाफ घेऊन जाते. आणि कंद मऊ व्हायला नुसतं उकळणं पुरत नाही, तापमान जास्त लागतं. त्यांच्या पेशींमध्ये पेक्टिन असतं (पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारी खळ). ती खळ नीट सुटली तरच कंद लोण्यासारखा कुस्करला जातो. मग त्यातला फुगलेला स्टार्च (झाडानं कंदात साठवलेलं पिठूळ अन्न) टिक्कीला धरून ठेवतो. तुझे तुकडे कडकच राहिले, म्हणून टिक्की विस्कटली."

मिथिला विचारात पडली. "म्हणजे हवा वाढवायला हवी. पण अख्ख्या वस्तीची हवा थोडीच वाढवता येते?"

"वस्तीची कशाला? एका भांड्यातली वाढव! झाकण घट्ट लाव, वाफ आत कोंड. कोंडलेली वाफच पाण्याला दाबून धरते. तोच कुकर." अप्पा थबकले. "तुझी आई घेऊन आली होती एक. प्रत्येकाला एक छोटी पेटी आणायची परवानगी होती. कुणी फोटो आणले, कुणी देव. आमच्या बाईसाहेबांनी कुकर! किती चिडवलं होतं मी तिला. चंद्रावर कुणी कुकर नेतं का म्हणून."

पेटी बाबांच्या खोलीत होती, पलंगाखाली. आई गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. मिथिला दाराशी जाऊन चाचरत म्हणाली, "बाबा, आईची पेटी... घेऊ?" बाबांनी मान वर केली नाही. मग वाकून त्यांनी पेटी ओढली, तिच्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काय करायचंय तुला, एवढंही विचारलं नाही. मिथिलाला वाटलं, रागावले असते तरी चाललं असतं.

अप्पांनी कुकरची रिंग तपासली, झडप तपासली. उरलेले कंद आत गेले, झाकण लागलं, वर शिट्टी बसली. तिघंही कान देऊन उभे राहिले.

फुस्स... फुस्स... फुस्स.

"तीन!" खटपट्या म्हणाला.

"छे," मिथिला म्हणाली. "आईच्या आवाजामागे वाजते ती शिट्टीच असेल, तर ती ही नाही. ती केवढी खणखणीत होती."

अप्पांनी वाफ जाऊ दिली, कुकर उघडला. सुरण अजून कडकच! अप्पा डोकं खाजवत बसले. आयुष्यभर हवेचा दाब मोजलेला माणूस, पण एका कुकरपुढं त्याची मती गुंग झाली.

मिथिलानं शिट्टी तळहातावर घेतली. एवढीशी, कापसासारखी हलकी. "अप्पा, वाफ कोंडून ठेवायचं काम हिचंच ना? हिच्या वजनावर?"

"हो. वाफेचा जोर वजनापेक्षा जास्त झाला की शिट्टी उचलली जाते."

"पण चंद्रावर तर सगळ्याचं वजन सहावा हिस्साच भरतं! शाळेत शिकवलंय आम्हाला. हिचंही तसंच झालं असणार. म्हणून जरा वाफ झाली की ही लगेच उठते."

अप्पांनी कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं चंद्रावर राहतोय आणि अक्कल अजून पृथ्वीवरचीच! गुरुत्वाकर्षणच (ग्रह किंवा चंद्र वस्तूंना आपल्याकडे ओढतो ती ओढ) विसरलो की गं मी. शाब्बास, पोरी! अगदी आईवर गेली आहेस."

खटपट्यानं लोखंडाची कडी आणली. शिट्टी आणि कडी मिळून वजन नुसत्या शिट्टीच्या सहापट होईल, एवढी त्यांनी तोलून बसवली. (तुम्ही पृथ्वीवर असलं काही कराल तर खबरदार! तिथं शिट्टीचं वजन आहे तेच बरोबर असतं, आणि कुकरला मोठ्यांशिवाय हात लावायचा नाही.) तेच कंद घेऊन कुकर पुन्हा चढला.

या वेळी घाई नव्हती. आत वाफ कोंडत होती, पाणी शंभर अंशांच्याही पुढं तापत होतं. आणि मग एकदम अशी काही शिट्टी झाली की वस्तीतले बोगदे दणाणले. मिथिला दचकली आणि तिथंच तिला रडू फुटलं. तोच आवाज! तो पक्षी नव्हताच, ते आईचं स्वयंपाकघर होतं. पुन्हा शिट्टी झाली. अप्पांनी चष्मा काढून डोळ्यांना धोतराचा सोगा लावला. मिथिला एवढी हमसत होती की पुढची वाजली तेव्हा तिचं मोजणंच चुकलं.

"किती झाल्या?" तिनं विचारलं. "अप्पा, किती झाल्या?"

"तीन," मागून आवाज आला. "तीन झाल्या. गॅस बंद कर."

चंद्रावर गॅस कुठला आलाय? शेगडी विजेची. पण दारात बाबा उभे होते. पायांत चपलासुद्धा नव्हत्या. शिट्टी ऐकून ते धावत आले होते. क्षणभर त्यांनी चुलीपाशी बघितलं, जणू तिथं दुसरंच कुणी असणार होतं. मग मिथिला दिसली आणि ते मटकन खाली बसले. तिनं त्यांना मिठी मारली, आणि एवढे दिवस अडवून धरलेलं सगळं त्यांनी रडून मोकळं केलं. खटपट्याला अशा वेळी काय करायचं ते ठाऊक नव्हतं. त्यानं मुकाट शेगडी बंद केली.

या वेळी सुरण बोटानंही कुस्करला गेला. टिक्क्या बाबांनी थापल्या, मिथिलानं खरपूस भाजल्या. एकही मोडली नाही. पावात घालून सगळे टेबलाशी बसले. एक खुर्ची मात्र रिकामीच होती, आणि ती कायम रिकामीच राहणार होती. कुठल्याही विज्ञानाला ती भरता येत नाही.

"बाबा, आईच्यासारखे झालेत?" मिथिलानं भीत भीत विचारलं. तिनं ते कधी खाल्लेच नव्हते ना.

बाबांनी घास सावकाश चावला. "नाही गं. तिच्या हातची चव निराळी. ती आता मिळायची नाही." आवाज कापत होता, पण ते बोलत होते. "तिला आमसूल कुणाकडून मिळायचं, माहीत आहे का तुला? थांब, सांगतो."

आणि ते सांगत राहिले. बर्गर गार होऊन गेले. मिथिलाचा अर्धा तसाच राहिला, कारण ऐकताना खायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला आईच्या मळ्यात घेऊन गेले. बियाण्याच्या सुरणाला नवे कोंब फुटले होते. दोघांनी मिळून ते चंद्राच्या मातीत लावले.