साडेचारची नोंद

परदेशातून मेंदूची डॉक्टरकी शिकून परतताना तिच्या डोक्यात एक खोली होती. पांढरी, शांत, खिडकीतून ऊन येणारी. तिथे कंपवाताचे रुग्ण थरथरत येणार, त्यांच्या मेंदूत खोलवर बसवलेल्या तारांचा प्रवाह ती जुळवून देणार आणि भरलेला पेला ओठांपर्यंत नेताना थेंबही न सांडता माणसं घरी जाणार. मिळाली ती एका हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची, बंद पडलेल्या लाँड्रीतून वेगळी काढलेली खोली. भिंतीत वाफेचे बुजवलेले नळ, कोपऱ्यात ओल, दारावर पाटीऐवजी चिकटवलेला कागद, आणि बाहेर सकाळपासून बसलेली साठेक माणसं. सहा महिन्यांत तिचा उत्साह आटला नव्हता. फक्त दुपारनंतर पुरत नव्हता.

त्या दिवशी शेवटचे होते पेंटरकाका. काम साधं होतं, यंत्राची नोंद तपासून एका अर्जावर सही करायची. या हॉस्पिटलातल्या एकूण एक दारावरची अक्षरं काकांच्या हातची. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत दोन तारा बसवल्या, छातीत कातडीखाली बॅटरीची डबी. आता बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. ती संपली की हात कापणारच, पण घासही गिळता येणार नाही. नव्या बॅटरीसाठी उद्या समितीपुढे अर्ज जायचा होता, आणि समितीचा नियम कडक होता: मनाला येईल तेव्हा यंत्र बंद करणाऱ्याला दुसरी बॅटरी नाही. रांग मोठी आहे.

तिने यंत्र वाचणारी चकती काकांच्या छातीवर टेकवली. पडद्यावर यादी उमटली. साडेचारला बंद, चार चाळीसला चालू. काल, परवा, त्याआधी, तीन वर्षं. एक दिवस चुकलेला नव्हता.

काकांसोबत आलेली लेक ओशाळली. टीव्हीचा रिमोट घरात कधी सापडत नाही, पण हा यंत्राचा रिमोट बाबांच्या उशाशीच असतो, म्हणाली. "चांगले ठणठणीत बसलेले असतात, आणि साडेचारला हात उडायला लागतात. मी म्हणते औषध उतरलं असेल."

"मी बंद करत नाही," काका म्हणाले.

"मग कोण करतं, काका?"

काकांनी लेकीला चहा आणायला पिटाळलं. दार लागेपर्यंत थांबले.

"हिची सुट्टी साडेचारला व्हायची."

त्यांची बायको याच लाँड्रीत इस्त्रीला होती. काकांचा हात कापायला लागला तेव्हा दहा मिनिटांच्या सुट्टीत ती धावत यायची, त्यांचं उजवं मनगट धरून उभी राहायची. तेवढ्या वेळात होतील तेवढी अक्षरं. तारा बसायच्या आधीच ती गेली.

"हात स्थिर असला तर तिला धरायला काय उरतं? म्हणून..." काकांनी वाक्य सोडून दिलं.

तिच्या गुरूंनी एक गोष्ट घोटून घेतली होती: रुग्ण विसरतो, नातेवाईक लपवतात, नोंद खोटं बोलत नाही. नोंद सांगत होती, बंद रिमोटनेच झालं आहे. तिने रिमोट मागून घेतला आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकला. आज इथेच बसायचं, आजचा एक दिवस कोरा निघाला तर सवय सुटली म्हणून समितीशी मी भांडेन, असं तिने काकांना समजावलं. तिला ते मनापासून हवं होतं. घड्याळात चार वीस झाले होते.

साडेचारला बाहेर लख्ख ऊन होतं. आधी वास आला. खळीचा, ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरल्यावर येतो तसा. मग काकांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर टकटकू लागला, पाठोपाठ उजवाही. तिने खिशातला रिमोट मुठीत घट्ट धरला. कुठलंच बटण दाबलेलं नव्हतं.

आणि उजवा हात थांबला.

डावा तसाच आपटत होता. उजव्या मनगटाच्या कातडीत मात्र चार खळगे पडले, शेजारी एक पाचवा. पकड जोराची नव्हती. दिवसभर उभ्याने काम केलेल्या बाईची असावी तशी, दमलेली, पण न सोडणारी. काकांची बोटं ब्रश धरल्यासारखी जुळली आणि हवेत सावकाश रेघ ओढू लागली.

"काका... काय लिहिताय?"

"एक दार राहिलंय," काकांचा आवाज खोल गेला होता. "तुमचं."

चार चाळीसला खळगे भरून आले. दोन्ही हात शांत झाले. लेक चहा घेऊन आली, तर डॉक्टर भिंतीला टेकून उभी. आज काकांना इथेच वॉर्डात राहू दे, एवढंच ती बोलली. कोट काढून खुर्चीवर भिरकावला, खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेली. झोप अशी आलीच नाही.

सकाळी कुलूप उघडलं तेव्हा कोट खिळ्याला टांगलेला होता. कडक खळ, सुरीसारखी घडी. रिमोट खिशात होता तिथेच. लाँड्रीला टाळं लागून चार वर्षं झाली होती आणि हॉस्पिटलातला एकही कोट तेव्हापासून इस्त्री झालेला नव्हता.

तिने अर्ज पुढे ओढला. खरं लिहिलं तर वेड ठरेल, नुसती नोंद जोडली तर काका उपाशी मरतील. शेवटी तिने काकांना वॉर्डातून आणवलं, चकती टेकवली आणि यंत्राला नवी आज्ञा दिली: रोज साडेचार ते चार चाळीस, विश्रांती. मग कोट अंगात चढवला आणि अर्जावर लिहिलं, 'ही दहा मिनिटं उपचाराचा भाग आहेत. जबाबदारी माझी.'

काका तिच्या हाताकडे बघत होते. रात्रभर जागलेला तिचा हात सही करताना कापायला हवा होता. कापला नाही. उजवी बाही मनगटापाशी अजून गरम होती, आणि त्या कोऱ्या इस्त्रीवर, तिच्या डोळ्यांदेखत, चार बारीक चुण्या पडल्या.