सहा सेकंदांचा नमस्कार

पोरांनो, आधी हे कोडं सोडवा. खांब तोच, त्याला लावलेलं एरंडेल तेच, पोरगीही तीच. तालमीत शंभर वेळा चढते, एकदाही घसरत नाही. स्पर्धेत चार माणसं समोर येऊन बसली की पहिल्याच अढीला (पायांनी खांबाला घातलेल्या विळख्याला) धप्पकन खाली. असं का?

मिरजेच्या शाल्मली भोकरेला हे कोडं आठ दिवसांत सुटायला हवं होतं. साल होतं २०७१. चंद्रावरच्या वस्तीत पहिल्यांदाच मल्लखांब उभा राहणार होता आणि राज्यात पहिला येणारा संघ तिथं जाणार होता. सहा मुलींचा संघ. जिल्ह्याच्या फेरीत पाच जणींनी कामगिरी चोख केली, म्हणून शाल्मली घसरूनही संघ कसाबसा तरला. राज्याच्या फेरीत अशी माफी मिळणार नव्हती.

"वस्ताद, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घ्या," ती लाल मातीत बोट फिरवत म्हणाली.

"दुसरं कोण? मी?" गुंडूवस्तादांनी पोटावर थाप मारली. "हे ओझं खांबानं उचलायचं, का मी खांबाला? ऊठ!"

वस्ताद सत्तरीचे. सगळी हयात तालमीत गेली, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा त्यांचा समज. अशा माणसांना काही समजावणं म्हणजे म्हशीला झोका देणं. पण गेल्या वर्षी तालमीत मापक-सात नावाचा यंत्रमानव आला होता. तो तालमीत आणि स्पर्धेतही खेळाडूंच्या कपाळाला पट्टी बांधून नाडीची, श्वासाची, मेंदूची मोजमापं घ्यायचा. वस्ताद त्याला डब्या म्हणायचे. त्याला राग येत नव्हता, नाहीतर केव्हाच तालीम सोडून गेला असता.

"शाल्मलीताई, नेहमीची पट्टी बांधा, आज ती काय टिपते ते दाखवतो," मापक म्हणाला. "हे मनदर्पण (मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते उजेडानं दाखवणारं यंत्र)."

पट्टी बांधून ती खांबावर चढली, उतरली. मग मापकानं समोरच्या हवेत चित्र उभं केलं, आणि शाल्मलीचं तोंड उघडंच राहिलं. एवढं मोठं डोकं, आत हजारो दिवे! उडी मारताना एक झुंबर पेटलं, अढी घालताना दुसरं. जणू अख्खं आभाळ कुणीतरी तिच्या कवटीत भरून ठेवलं होतं.

"आता खाली बसा. डोळे मिटा आणि मनातल्या मनात चढा. तेलाचा वास घ्या, लाकडाचा गारवा मांडीला लागू द्या."

ती तशीच मनात चढली. डोळे उघडून बघते तर बहुतेक तेच दिवे, जरा मंद, पण त्याच जागी!

"म्हणजे मी बसल्या जागी खांबावर चढले?"

"मेंदूपुरतं बरंचसं चढलात. याला मनःसराव (हातपाय न हलवता मनात केलेला सराव) म्हणतात. खऱ्या सरावाच्या जोडीला तो केला की मेंदूतली वाट पक्की होते."

"मग मी घसरते का?"

मापकानं जिल्ह्याच्या फेरीची नोंद दाखवली. शाल्मलीची नाडी धाडधाड पळत होती.

"रक्तात ॲड्रिनलिन (आणीबाणी दिसली की शरीर सोडतं ते रसायन) उतरलंय. त्यानं काळीज जोरात चालतं आणि स्नायूंना जास्त रक्त मिळतं."

"मी भित्री आहे, असंच ना?"

"नाही. घाबरलेल्याचं काळीज धडधडतं आणि सज्ज झालेल्याचंही. शरीर तुम्हाला ताकद आणून देतंय. घोटाळा इथं आहे." त्यानं कपाळामागच्या दिव्यांकडं बोट केलं. ते भडकले होते. "तुम्ही प्रत्येक बोटावर पहारा ठेवलात. अंगवळणी पडलेलं काम मेंदू आपोआप करतो. मधेच हुकूम सोडत बसलं की ते विस्कटतं."

हे खरंच आहे. भाकरी थापताना आपल्याच बोटांकडं बघत बसा, फाटलीच म्हणून समजा.

मग मापकानं तालमीतल्या जुन्या नोंदी शेजारी मांडल्या. "गंमत बघा. इथं चढण्याआधी प्रत्येक वेळी सहा सेकंद आहेत. तुम्ही वाकता, माती कपाळाला लावता, तळवे चोळता, लांब श्वास सोडता. त्या सहा सेकंदांत कपाळामागचे दिवे मंदावतात. स्पर्धेत हे सेकंदच नाहीत. कुठं गेले?"

वस्ताद उगाच खांबाला तेल चोळू लागले. खांब आधीच तेलानं थबथबला होता.

"मी कापले," शेवटी ते म्हणाले. "नव्या नियमात गादीवर पाय ठेवला की घड्याळ सुरू होतं. ऐंशी सेकंद मिळतात. म्हटलं, खांबाला नमस्कार करायचे गुण थोडेच देतात? त्यात एक फिरकी जादा बसंल."

"वस्ताद, तो नमस्कार म्हणजे पूर्वक्रम (कामगिरीआधी दर वेळी त्याच क्रमानं करायच्या कृती)," मापक म्हणाला. "लांब सोडलेल्या श्वासानं नाडी थोडी उतरते. ओळखीच्या कृतींनी मन पहाऱ्यावरून हटून कामाला लागतं."

"माझ्या वस्तादांनी हे शिकवलं. त्यांना त्यांच्या वस्तादांनी. कारण कुणीच सांगितलं नाही रे डब्या." म्हाताऱ्यानं खांबाकडं असं पाहिलं, जसा काही तो आज पहिल्यांदाच दिसत होता. "फिरकी काढून टाक, पोरी."

आठ दिवस शाल्मली खांबावरही चढली आणि मनातही. मनात चढताना ती टाळ्या, कुजबुज, घड्याळाची टिकटिक, सगळं मुद्दाम ऐकायची.

राज्याच्या फेरीत तिचं नाव पुकारलं गेलं. काळीज धडधडायला लागलंच. 'आलंस का? चल,' ती त्याला मनात म्हणाली. गादीवर पाय पडला, घड्याळ पळायला लागलं. तिनं खांबाला वाकून नमस्कार केला. पाठीमागून कुणीतरी खिदळलं, "वेळ चाललाय की हिचा!" इथं माती नव्हती. तिनं गादीला शिवून तोच हात कपाळाला लावला, तळवे चोळले, लांब श्वास सोडला.

आणि उडी मारली.

अढी बसली. पुढचं तिला फारसं आठवत नाही. खांबाच्या टोकावरच्या बोंडावर एका पायावर उभी राहिली, तेव्हा सगळं सभागृह खाली चिडीचूप झालं होतं, एवढं मात्र आठवतं. पुढं निकाल लागला तेव्हा वस्तादांनी मापकाला मिठी मारली आणि त्याच्या पत्र्यावर एरंडेलाचे दोन पंजे उमटले.

चंद्राकडं निघायच्या दिवशी शाल्मलीनं विचारलं, "तिथं वजन सहावा हिस्सा होणार ना? मग उडी केवढी जाईल?"

"ती सगळी नव्यानं शिकावी लागेल," मापक म्हणाला. "मेंदूत नवे दिवे लावायचे."

वस्तादांनी तिच्या हातात एक छोटी डबी ठेवली. उघडली तर आत तालमीतली चिमूटभर लाल माती.

"उडी डब्या शिकवंल," ते म्हणाले. "पण खांबापुढं वाकल्यावर तिथं कपाळाला काय लावशील?"