गाईला ‘तुम्ही’, मला ‘तू’

दरड कोसळली नसती, तर निदियाला तिचा नवरा त्या दिवशी भेटलाच नसता.

सान्ता मारियाच्या घाटात दोन्ही बाजूंनी वाहने खोळंबली होती. या भागात ज्याला ‘मांजराचे केस’ म्हणतात, तो बारीक, दिसेल न दिसेल असा पाऊस भुरभुरत होता. शाळेच्या जीपमध्ये सहावीच्या वह्या मांडीवर घेऊन निदिया लाल शाईने तपासत बसली होती. आणि पलीकडच्या काळ्या गाड्यांमधून उतरून, बूट हातात धरून, चिखलाचा ढीग ओलांडत प्रजासत्ताकाचा अध्यक्ष येत होता — एवेलिओ, तिच्याशी बावीस वर्षे संसार केलेला माणूस.

ती उतरली. न उतरून सांगते कुणाला?

“काय योगायोग बघ,” तो म्हणाला. “तू... कशी आहेस?”

“पुन्हा!” निदियाने कपाळावर हात मारला.

भांडण याच एका शब्दाचे होते. या डोंगरांत नवरा बायकोला ‘तुम्ही’ म्हणतो, आई तान्ह्या लेकरालाही ‘तुम्ही’ म्हणते. माया करायची ती याच शब्दाने. ‘तू’ म्हणतात ते परदेशी मालिकांतले नायक. कॉफीच्या मळ्यात, तिच्या कमरेच्या टोपलीचा पट्टा सोडवता सोडवता, “तुम्ही दमलात का हो?” असे एवेलिओने कधीकाळी विचारले होते, आणि तेवढ्यावर तिचा जीव जडला होता. पण निवडणुकीच्या वेळी बाहेरून आलेल्या सल्लागारांनी त्याला ‘तू’ शिकवले. पडद्यावर जवळचे वाटते म्हणे! पडद्यावरून ते जेवणाच्या टेबलावर आले. तीन आठवड्यांपूर्वी त्याने “तू मीठ दे ना” म्हटले, आणि निदिया राजधानीतले घर सोडून आपल्या गावच्या शाळेत शिकवायला निघून गेली. हा शब्द सुटेपर्यंत परतणार नाही, असे बजावून.

“एका शब्दापायी संसार मोडायचा?” एवेलिओ चिडला.

“शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून माणूस बदलत येतो. तुम्ही असं बोलायला लागलात ना, की मला वाटतं, आता साबण विकाल!”

“लोकांना आवडतं ते.”

“मग लोकांशीच लग्न करा.”

“तू ऐकूनच घेत —”

“वाक्य सुधारा. मग ऐकते.”

एवढ्यात उतारावरून एक तांबडी गाय आली आणि माती उपसणाऱ्या यंत्रापुढे ठाण मांडून उभी राहिली. चालकाने भोंगा वाजवला. गाय ढिम्म. आधीच वैतागलेला अध्यक्ष गर्रकन वळला आणि ओरडला, “अहो बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा ना! दिसत नाही का तुम्हाला?”

गाय बाजूला झाली.

“गाईला ‘तुम्ही’?” निदियाचा आवाज चढला. “आणि मला... ‘तू’?”

त्याच्या भिजलेल्या पापण्या मिटल्या, उघडल्या. मग तो हलकेच म्हणाला, “गाईपुढे मला अध्यक्ष व्हावं लागत नाही.”

“आणि माझ्यापुढे लागतं?”

“तुमच्यापुढे...” शब्द आपसूक आला, आणि दोघांनाही ऐकू आला. “तुमच्यापुढे मी रोज नापास होतो. पडद्यावरचा तो माणूस निदान पास होतो, म्हणून त्यालाच घरी आणत होतो. पण तुम्ही गेलात, आणि आता ‘तुम्ही’ म्हणावं असं घरात कुणी नाही... या ना परत.”

निदियाला राग सोडवेना, आणि हसूही आवरेना. लाल शाई लागलेल्या अंगठ्याने तिने त्याच्या गालावरचा चिखल पुसला. गाल अधिकच रंगला.

“शाळा मी सोडणार नाही,” ती म्हणाली. “शनिवारी न्यायला या, सोमवारी सकाळी आणून सोडा. गाडी तुम्ही चालवायची. आणि हा काळा ताफा नको.”

“शनिवारी मंत्रिमंडळाची बैठक आहे...”

तिने नुसते पाहिले.

“होती,” त्याने सुधारले.